जाडी नका बघू ताई, वारा बघा

मनीषनगरच्या एका ताईंनी विचारलंय. वय ३४, सकाळी साडेसहाला स्कूटीनं हिंगणा एमआयडीसीत कामाला जातात. जानेवारीत चार दिवस मनालीला जायचंय. बर्डीवर एका दुकानात त्यांना 'मायनस दहा'चं, म्हणजे उणे दहा अंशांपर्यंत चालेल असा टॅग लावलेलं जाडजूड पफर (फुगलेल्या पट्ट्यांचं जॅकेट) दाखवलं, किंमत चार हजारांच्या वर. एकाच जॅकेटात नागपूर आणि मनाली दोन्ही भागेल का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की ६२ वर्षांची आई साडी नेसते, जॅकेट म्हटलं की तोंड फिरवते आणि रात्रभर कुडकुडते. तिला काय घ्यावं?

घाई असेल तर एवढं वाचून निघा. ते 'मायनस दहा' घेऊ नका. वारा आत शिरू न देणारं, पातळ अस्तराचं, कमरेखाली वीतभर येणारं जॅकेट घ्या आणि आत घालायला एक बरी फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं स्वेटरसारखं. मनालीला जाताना या दोघांच्या मध्ये पातळ पफर घाला. तिन्ही मिळून साधारण त्या एका जॅकेटच्या पैशात बसतं. आईला बिनबाह्यांची भरलेली बंडी घ्या, वर तिची नेहमीची शाल राहू द्या.

आता कारणं. इतवारीत गरम कपड्यांच्या धंद्यात मला २३ वर्षं झाली. माल लुधियानाचा आणि दिल्लीचा, पण त्याआधी माझ्या हातात शिलाई मशीन होती. त्यामुळे जॅकेट आलं की मी आधी उलटं करून शिवण बघते, रंग नंतर.

आपली थंडी कशी आहे ते एकदा नीट बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी १२-१३ अंश असतो आणि दुपारी २८-२९. सकाळी हुडहुडी, दुपारी पंखा. मधूनच उत्तरेकडची लाट येते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली, शहराच्या नोंदींतला तो नीचांक. त्या आठवड्यात माझ्या दुकानातली मुलांची माकडटोपीसुद्धा मोठ्या बायका घेऊन गेल्या. पण अशा लाटा चार-सहा दिवसांच्या. बाकी दोन-अडीच महिने तुमची थंडी असते सकाळी सहा ते नऊ आणि रात्री आठच्या पुढे, आणि त्या दोन्ही वेळांना तुम्ही बहुतेक स्कूटीवर असता.

स्कूटीवर लागतो तो वारा. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ४० च्या वेगानं निघालात, तर हवामानवाल्यांच्या सूत्रानुसार उघड्या कातडीला ते जवळपास ६ अंशांसारखं लागतं. हवा ५ अंश असेल तर शून्याच्याही जरा खाली. हे मोजमाप तोंडाचं आणि हाताचं आहे, कपड्याच्या आतलं नाही. पण कपड्यातून वारा जात असेल तर आतली गतही तीच होते. जुन्या दूधवाल्यांना हे सूत्राशिवाय ठाऊक होतं. स्वेटरच्या आत छातीवर कालचा पेपर घडी घालून ठेवायचे आणि पहाटे चारला सायकलवर निघायचे. पेपरला कुठली आली ऊब? तो फक्त वारा अडवायचा.

तीन-चार वर्षांपूर्वी एका दवाखान्यात रात्रपाळी करणारी नर्स सकाळी आठला दुकान उघडताना शटरपाशीच उभी होती. अंगात आईनं विणलेलं लोकरीचं जाकीट. खरी लोकर, वजनच अर्धा-पाऊण किलो. म्हणाली, ''काकू, याच्यातही हिव भरून राहिलं जी. याच्याहून जाड दाखवा.'' मी जाकिटाची बाही उजेडासमोर धरली. वीण इतकी सैल, की टाक्यांमधून तांदळाचा दाणा गेला असता. मी तिला विचारलं, उन्हाळ्यात गाडीवर काय घालतेस? नागपूरची पोरगी, उत्तर ठरलेलं, सनकोट. म्हटलं, घरी जा, सनकोट काढ, या जाकिटावर चढव आणि दोन दिवसांनी मला सांग. दोन दिवसांनी आली ती ओढणी सोडत हसतच, आणि आली होती बहिणीसाठी मोजे घ्यायला. माझं एक जॅकेट कमी विकलं गेलं, पण ती अजून माझ्याकडेच येते.

हे का होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला सोपं आहे, आपण कापसाच्या मुलखातले. दबून टणक झालेली गादी थंड लागते. पिंजाऱ्यानं तोच कापूस धनुकलीवर पिंजून भरला, की त्याच गादीत ऊब येते. कापूस तेवढाच, फक्त त्यात हवा अडकली. जॅकेटचंही असंच. आतल्या भरावात अडकलेली हवा तुमच्या अंगाची ऊब धरून ठेवते, आणि वरचं कापड वाऱ्याला ती हवा उडवू देत नाही. भराव कितीही जाड असो, वरचं कापड विरळ असेल तर स्कूटीवर तो रिकामा. आणि जॅकेट इतकं तंग घेतलं की भरावच दबला, तर तुम्ही गादी पुन्हा टणक करून ठेवलीत.

म्हणून दुकानात पहिली गोष्ट करायची ती ही. जॅकेटचं कापड तोंडाला लावा, पलीकडून तळहात धरा आणि जोरात फुंका. हाताला फुंकर लागली तर ते स्कूटीसाठी बाद, किंमत काही असो. दुकानदार बघतोय म्हणून लाजू नका. मी स्वतः लुधियानात ठोक माल घेताना असंच फुंकत फिरते, तिथले लोक मला 'फूंकवाली मॅडम' म्हणतात. नंतर जॅकेट उजेडासमोर धरून शिवणींच्या रेघा बघा. काही पफरमध्ये रेघेवर भराव नावालाच असतो, उजेड थेट आरपार येतो. थंडी तिथूनच शिरते. तिसरं, भरलेला भाग मुठीत दाबून मिनिटभर धरा आणि सोडा. लगेच फुलला तर बरा भराव. चुरगळून तसाच पडून राहिला, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या गाठी झालेल्या असतील.

'मायनस दहा' या आकड्याबद्दल. स्लीपिंग बॅगला तापमानाचा आकडा द्यायची ठरलेली पद्धत आहे, प्रयोगशाळेत गरम पुतळा आत झोपवून ती मोजली जाते. बाजारातल्या साध्या जॅकेटवर लटकणाऱ्या बहुतेक टॅगांमागे असं काही नसतं, छापणाऱ्यानं छापलेलं असतं. आणि असतं तरी माणूस चालतोय की बसस्टॉपवर उभा आहे, आत काय घातलंय, पोटात काय आहे, यावर तो आकडा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे सरकतो. टॅग वाचायचाच असेल तर आत शिवलेलं छोटं लेबल वाचा. त्यावर वरचं कापड, अस्तर आणि भराव अशा तीन ओळी असायला हव्यात. भरावाची ओळच नसेल तर दुकानदाराला विचारा. तो छताकडे बघायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

पफर म्हणजे पिसांचंच असा एक समज आहे. पफर हा नुसता आकार, फुगलेल्या पट्ट्यांचा. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त पफरपैकी बहुतेकांत पॉलिएस्टरच भरलेलं असतं आणि त्यात फसवणूक काही नाही. पॉलिएस्टर ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं, घरी धुता येतं. त्याचा आकडा जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम भराव. नागपुरात स्कूटीवर ६० ते १०० जीएसएम पुरे. १५० च्या पुढचं घेतलंत तर हिंगण्याला पोचेपर्यंत पाठ घामेजेल, आणि घामेजलेली पाठ घेऊन एसीत बसलात की तिथून खरी थंडी सुरू. खरं डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या छातीवरचा मऊ फुलोरा. वजनाला हलकं, ऊब भरपूर, पण ओलं झालं की मलूल. त्याच्यावर ५५०, ६५०, ८०० असे आकडे असतात. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, फुलोरा किती घनइंच जागा भरतो ते यावरून कळतं. गंमत अशी की हा आकडा नुसत्या जातीचा आहे. जॅकेटमध्ये तो किती भरलाय हे त्यातून कळत नाही. ८०० चं पातळ जॅकेट ५५० च्या भरगच्च जॅकेटपेक्षा कमी उबदार असू शकतं. असो, नागपुरात राहून डाऊन घेणं म्हणजे फुटाळा तलावावर फिरायला बोट विकत घेणं. परदेशी थंड मुलखात मुलीकडे चार महिने जायचं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही मोठा कोट तिकडे गेल्यावर घ्या. तिथल्या थंडीचा माल तिथल्या दुकानात जास्त असतो, आणि सामानातले दोन किलो वाचतात.

फ्लीसबद्दल दोनच वाक्यं. १०० जीएसएमची पातळ, २०० ची मध्यम, ३०० ची जाड. आत घालायला २०० घ्या, आणि ती एकटी घालून गाडीवर जाऊ नका, तिच्यातून वारा चाळणीसारखा जातो.

आता फिटिंग. यावर मी जास्त बोलणार, कारण बायकांच्या जॅकेटमध्ये नव्वद टक्के तक्रारी इथल्या असतात आणि पुरुष दुकानदारांना त्या कळत नाहीत.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर ताठ उभं राहिलं की सगळीच जॅकेटं छान दिसतात. तुम्ही तशा उभ्या कधी असता? जॅकेट बघायला जाताना रोजचा कुर्ता घालून जा, पिशवीत आतली फ्लीस किंवा स्वेटर घ्या. सगळं घाला, चेन गळ्यापर्यंत लावा आणि दोन्ही हात हॅण्डल धरल्यासारखे पुढे करा. आता मान खाली करून मनगटं बघा. बाही दोन इंच मागे गेली असेल तर रोज सकाळी त्या दोन इंचांतून वारा कोपरापर्यंत जाईल. पाठीवर खांद्यांच्या मधोमध कापड ताणलं जातंय का? ताणलं तर भराव तिथे दबला. त्याच स्थितीत खुर्चीवर बसा. जॅकेट वर सरकून कंबर उघडी पडते का ते दुकानातल्या मुलीला बघायला सांगा, स्वतःला दिसत नाही. कुर्ता घालणारीनं आणखी एक बघायचं, बाजूचा कट जिथून सुरू होतो त्याच्या खाली जॅकेट चार बोटं आलंच पाहिजे. नाहीतर कुर्त्याचे पंख उडतात आणि वारा थेट कमरेत. कंबर धरली म्हणून जाड जॅकेट मागायला येणाऱ्या कितीतरी बायकांना मी नुसतं लांब जॅकेट दिलंय.

लांब जॅकेट घेतलं तर चेन दोन्हीकडून उघडणारी बघा. गाडीवर बसताना खालून वीतभर उघडता येते, नाहीतर मांडीवर ताण येऊन महिन्याभरात चेनचा खालचा दाता निघतो. चेन बदलायला माझ्याकडे येणाऱ्या जॅकेटांत निम्मी याच कारणानं येतात. चेनच्या मागे आतून कापडाची पट्टी हवी. दात्यांमधून वारा येतो, आणि छातीच्या मधोमध आलेला वारा सगळ्यात जास्त झोंबतो.

मापाचं म्हणाल तर एम, एल, एक्सएल विसरा. एका कंपनीचं एल दुसऱ्याच्या एमएवढं असतं. घरी टेप घ्या, आतल्या कपड्यांसकट छातीचा घेर मोजा आणि जॅकेटचा घेर त्याहून चार ते सहा इंच जास्त धरा. जॅकेट पलंगावर सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत मोजलं आणि दुप्पट केलं की घेर मिळतो. छाती भरलेली आणि खांदे अरुंद असतील तर पंचाईत होते. खांद्यावर बसणारं छातीवर तणतं आणि छातीवर बसणारं खांद्यावरून लोंबतं. अशा वेळी छातीच्या मापानं घ्या. बाही लांब झाली तर मनगटाकडून कमी करून देता येते. पण एक लक्षात ठेवा, पफर बाजूनं आत घेता येत नाही. आम्ही टेलर लोक 'करून देतो' म्हणतो, पण भरलेल्या पट्ट्या कापून पुन्हा शिवल्या की तिथे भराव सरकतो आणि सुईच्या भोकांतून बाहेर डोकावतो. फ्लीस आणि विंडचीटर कितीही आत घ्या, काही बिघडत नाही. कुणी पुरुषांचं लहान मापाचं घेऊन बघतात. ते खांद्यावर सैल आणि कुल्ल्यावर तंग होतं, स्कूटीला कामाचं नाही.

आणि खिसे! बायकांच्या जॅकेटला खिसे लावणाऱ्यांना एकदा समोर बसवून जाब विचारायचाय मला. अर्ध्या जॅकेटांना खिशाची नुसती शिवण असते, आत काही नाही. उरलेल्यांत हात मनगटापर्यंतही जात नाही. मोबाईल, गाडीची किल्ली आणि ऑफिसचं कार्ड, तिन्ही खिशात टाकून दुकानात दोन उड्या मारा. पडलं काही तर जॅकेट परत ठेवा. खिशाला चेन असेल तर उत्तम, आतून फ्लीस असेल तर थांबल्या सिग्नलवर बोटं शेकायची सोय.

टोपी वेगळी काढता येणारी घ्या. हेल्मेटखाली ती बसत नाही आणि पाठीवर सोडली तर वाऱ्यानं फुगून मान मागे ओढते. कॉलर हनुवटीपर्यंत यावी, पण हेल्मेटचा पट्टा लावून बघा, कॉलर फार कडक असेल तर दोन्ही एकमेकांत अडकतात. आणि काळा रंग आवडतो सगळ्यांना, मान्य, पण पहाटेच्या धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला काळं जॅकेट दिसत नाही. बाहीवर चमकणारी पट्टी नसेल तर मी ५०-६० रुपयांत शिवून देते, कुठलाही टेलर देईल. पेंचच्या जंगलात सकाळच्या सफारीला जाणाऱ्यांना मात्र मातकट किंवा मळका हिरवा रंग बरा. बाकी उघड्या जिप्सीतला वारा आणि स्कूटीवरचा वारा, हिशेब एकच.

मनाली. तिथे जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, दिवसा ऊन पडलं तर बरं वाटतं. तुम्ही चार दिवसांतला बराच वेळ गाडीत, हॉटेलात आणि माल रोडवर असणार. अंगाला चिकटणारा थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पातळ पफर आणि सगळ्यात वर तुमचं स्कूटीचं वारारोधक जॅकेट, एवढ्यावर निभतं. म्हणून वरचं जॅकेट विकत घेताना आत एवढं सगळं मावेल का ते बघायचं. मघाशी चार ते सहा इंच सांगितले ते यासाठीच. सोलांगला बर्फात लोळायची हौस असेल तर तिथे वाटेत अंगभर सूट आणि गमबूट भाड्यानं मिळतात, त्यासाठी नागपूरहून जॅकेट न्यायची गरज नाही. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला गेलात तर तिकडचा वारा वेगळाच, कानटोपी आणि हातमोजे विसरू नका. थर्मल सुती बनियनवर घालू नका. सुती कापड घाम धरून बसतं आणि गार पडतं.

आता आई. साडीवर जॅकेट न आवडण्याचं कारण हट्ट नाही. बाही असलेलं जॅकेट पदरावरून घातलं की खांद्यावर गठ्ठा होतो, पदराखालून घातलं की पदर टिकत नाही. शिवाय काम करताना हात मोकळा लागतो. म्हणून बिनबाह्यांची भरलेली बंडी, ब्लाउजवर आणि पदराच्या आतून. पुढून चेन नको, टिचबटणं घ्या, म्हाताऱ्या बोटांना चेनचं टोक सापडत नाही. लांबी निऱ्या खोचतो त्याच्या जरा खाली, म्हणजे पोट आणि कंबर झाकली जाते. साडीत उघडी राहते तीच जागा. पायांत मोजे, आणि रात्री झोपताना बंडी काढून गोधडी. ती बंडी घालूनच झोपली तर पहाटे घामानं जाग येते, मग म्हणते तुझी बंडी काही कामाची नाही.

एक गोष्ट धंद्याबाहेरची सांगते. सगळे पंख्याखाली बसलेत आणि आई एकटी दुपारीही शाल गुंडाळून असेल, तर दुकानात येण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड मंद असलं की थंडी जास्त वाजते. बायकांत दोन्ही खूप आढळतं, आणि त्यावर जॅकेट हा इलाज नाही. आपल्या विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंटही पुष्कळ. थंडी लागून त्यांना दुखण्याचा झटका येऊ शकतो. अशा घरातली मुलगी कॉलेजला जात असेल तर तिच्या जॅकेटमध्ये पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

काय घेऊ नये ते माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगते. २०१५ मध्ये एका ठोक व्यापाऱ्याकडून मी ४० लेदरसारखी दिसणारी जॅकेटं उचलली. मऊ, चकचकीत, कॉलेजच्या पोरींनी महिन्यात २९ नेली. उरलेली ११ पोटमाळ्यावर ठेवली, वर पत्र्याचं छत. आपला मे महिना आणि त्यामागून पावसाळा, दोन्ही त्यांनी तिथे काढले. दिवाळीनंतर पिशवी उघडली तर कॉलरचे पापुद्रे सुटून तळाशी काळा चुरा जमलेला, हात लावला की बोटांना चिकटायचा. हे कातडं नसतं, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. उष्णता आणि दमट हवा लागली की तो थर आतून तुटत जातो, न वापरताही. व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. विकलेल्या २९ पैकी सहा जणी परत आल्या, त्यांचे पैसे मी खिशातून दिले. खरं चामडं परवडत असेल तर घ्या, नाहीतर तो चकाकता प्रकार नागपूरच्या हवेत दोन हिवाळ्यांच्या वर धरू नका. ऊबही त्यात फारशी नसते, फक्त वारा अडतो.

किमतीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के आहे. म्हणजे करापूर्वी २५०० चं जॅकेट २६२५ ला पडतं आणि २६०० चं ३०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकावर खिशातून ४४३ रुपये जास्त जातात. या रेषेच्या आसपासचं काही आवडलं तर भाव करताना हे ध्यानात ठेवा, दुकानदारालाही ते ठाऊक असतं. तुमच्यासाठी वारारोधक जॅकेट रेषेच्या खालीच बसेल. फ्लीस आणि पातळ पफर तिबेटी लोकांच्या हिवाळी बाजारात बघा. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधजवळच्या गोठणगावला १९७२ पासून त्यांची वसाहत आहे, आणि स्वेटरचा धंदा त्यांचा जुना. माल बराचसा लुधियानाचाच असतो, म्हणजे माझ्याकडचाच समजा, पण गिऱ्हाईकाला कापड हाताळू देतात, घाई करत नाहीत. जानेवारीच्या शेवटी भाव पडतात, पण तोवर मधली मापं संपलेली असतात. पुढच्या वर्षीसाठी घेणार असाल तर थांबा.

धुण्यात फार विद्या नाही. चेन लावून जॅकेट उलटं करायचं, पातळ साबण, गार पाणी, पिळायचं नाही. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड घालू नका, वरच्या कापडावरचा पाणी न धरणारा थर त्यानं निकामी होतो. कॉलरला पावडर आणि केसांचं तेल लागून काळं होतं, तेवढ्याच भागाला थेंबभर शाम्पू आणि जुना टूथब्रश. सावलीत वाळवा आणि अर्धवट वाळलं की हातानं थोपटून भराव मोकळा करा. आपलं जॅकेट वर्षातले नऊ महिने कपाटात असतं, म्हणून ठेवणं जास्त महत्त्वाचं. धुतल्याशिवाय ठेवू नका. दिवाणात गाद्यांखाली दाबू नका, हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्यांतही नको. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात सैल गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवा. लोकरीचं असेल तर कसर लागते, डांबरगोळ्या पुडीत बांधून जवळ ठेवा, थेट कापडावर नको. आणि पावसाळ्यात एखाद्या कोरड्या दुपारी तासभर पंख्याखाली टांगा, नाहीतर नोव्हेंबरात कुबट वास येतो आणि तुम्ही म्हणता जॅकेट खराब निघालं.

तुम्ही जानेवारीत निघणार म्हणता, तर जॅकेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच घ्या आणि आठ दिवस हिंगण्याला जाताना वापरा. मनगट, कंबर किंवा गळा, कुठून वारा येतो ते तिसऱ्या दिवशी कळेल. बिल आणि टॅग जपून ठेवा. मनगटाला इलॅस्टिक घालायचं असेल तर मला दोन दिवस लागतात, लग्नसराईत चार.